ताई, तुम्ही उभ्या राहिलात त्याबद्दल

ताई,

एकदा रिजेक्ट होऊन अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा दुसऱ्या वेळी लागला हे मेसेजवर कळवलं होतंच, त्यावर तुमचा एक अंगठा आला आणि "आता झोप" एवढंच. पण मला काही ते तेवढ्यावर सोडवेना, म्हणून हे लांबलचक लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्हाला एकटीला पाठवलं असतं तर "अगं मी काय विशेष केलं" म्हणून उडवून लावलं असतंत. आता नाही लावता येणार.

रिजेक्ट झालेल्या माणसाशी लोक कसे बोलतात हे रिजेक्ट झाल्याशिवाय कळत नाही. काचेखालून पासपोर्ट परत येतो, सोबत एक छापील कागद, त्यावर नकाराचं कलम, २१४ बी. तुमचं नेमकं काय कमी पडलं ते त्या कागदावर कुठेही नसतं, सगळ्यांना तोच कागद. मग बाहेर आल्यापासून जो तो आपापलं कारण सांगायला लागतो. कोणी म्हणे मार्क कमी, कोणी म्हणे युनिव्हर्सिटी लहान, कोणी म्हणे तू हसली नसशील, एकाने तर ड्रेसचा रंग काढला. बरं हे सगळे सांगणारे कोण, तर काही जणांनी अमेरिकेचा फॉर्मसुद्धा कधी बघितलेला नाही, आणि काही जणांचा व्हिसा लागलेला, त्यामुळे आपला लागला म्हणजे आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा ठाम समज. अहो काचेपलीकडच्या माणसाने तुम्हाला दोन-तीन मिनिटं बघितलं आणि हो म्हणाला, त्यावर तुम्ही शाळा काढू नका ना!

आणि पैसे घेऊन ॲडमिशन-व्हिसाची तयारी करून देणारी आमची कन्सल्टन्सी. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही कारण जिकडे तिकडे अशाच आहेत. पहिल्या इंटरव्ह्यूच्या आधी त्यांनी उत्तरं पाठ करून घेतली होती. "मला जागतिक दर्जाचं शिक्षण घेऊन मायदेशी परत यायचं आहे आणि आईवडिलांचा आधार व्हायचं आहे." छान इंग्रजीत, घोटून घोटून. खिडकीच्या रांगेत माझ्या पुढच्या मुलाने हेच वाक्य म्हटलेलं मी माझ्या कानाने ऐकलं, स्वल्पविरामासकट! मग माझा नंबर आला आणि मीही तेच म्हटलं. त्या ऑफिसरने ते सकाळपासून कितीवेळा ऐकलं असेल देव जाणे. आणि रिजेक्ट झाल्यावर तेच सर म्हणतात, "नशिबाचा भाग असतो, ऑफिसर कडक मिळाला तुला." बरं, मग? मग लगेच पुढचं पॅकेज. युनिव्हर्सिटी बदलू, खात्यावर थोडे दिवस जास्त पैसे दाखवायची सोय आहे, नवीन उत्तरं देतो. तिथेच बसलेले दुसरे एक महाशय तर म्हणाले की नवीन फॉर्ममध्ये "आधी व्हिसा नाकारला गेलाय का" याला सरळ नाही लिही, कोण बघतंय.

ताई, हे मी तुम्हाला पहिल्या कॉलवर सांगितलं तेव्हा तुम्ही एवढ्या जोरात "काय??" म्हणालात की माझ्या आईने बाहेरून विचारलं काय झालं. मग तुम्ही शांतपणे सांगितलंत की त्यांच्या रेकॉर्डला तो नकार आहेच, तो लपत नाही, पण तिथे खोटं लिहिलेलं सापडलं तर मामला २१४ बीचा राहतच नाही, खोटी माहिती देण्याचं वेगळं कलम लागतं आणि ते आयुष्यभर चिकटतं. नकार म्हणजे डाग नाही, खोटं म्हणजे डाग. हे एवढं कोणीतरी आधी सांगायला नको होतं का? पैसे घेणाऱ्यांनी?

तुमची माझी ओळख तरी काय होती. माझ्या मैत्रिणीच्या मावसबहिणीची तुम्ही एकेकाळची रूममेट. एवढ्या धाग्यावर मी मेसेज टाकला होता, तोही घाबरत, कारण त्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकतर निळी टिक करून सोडून दिलं नाहीतर "टॉप पन्नास प्रश्न" नावाची तीच ती पीडीएफ पाठवली. ती पीडीएफ माझ्याकडे इतक्या लोकांकडून आली की मला वाटायला लागलं मीच ती लिहिलीये.

तुम्ही पीडीएफ पाठवली नाहीत. का रिजेक्ट झालीस हेही विचारलं नाहीत, आणि हे मला तेव्हा इतकं विचित्र वाटलं, कारण मी त्याचं उत्तर तयार ठेवूनच बसले होते. तुम्ही विचारलंत, "प्रोजेक्टमध्ये काय केलं होतंस गं?" आणि मी सांगत सुटले. भूजलाचं काम, विहिरीत टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची, महिन्या-महिन्याने तीच विहीर, टेपचं टोक ओलं झालंय की नाही ते उन्हात धरून बघायचं. तुम्ही मध्ये एकदाही थांबवलं नाहीत. नंतर म्हणालात, "हे तू त्या खिडकीत सांगितलंस?" नव्हतं सांगितलं. ते त्या पाठांतरात कुठे बसतच नव्हतं.

कायद्याचंही तुम्हीच समजावलंत. १९५२ च्या अमेरिकन इमिग्रेशन कायद्यातलं हे २१४ बी कलम असं धरूनच चालतं की समोर आलेला माणूस तिकडे कायमचं राहायलाच निघालाय, आणि तसं नाही हे पटवायचं काम आपलं. म्हणजे खिडकीशी पोचायच्या आधीच आपण वजा खात्यात. अपील वगैरे काही नाही, पण परत अर्ज करायला बंदीही नाही. नवीन फॉर्म, परत १८५ डॉलर व्हिसा फी, नवीन अपॉइंटमेंट. ती सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या तिकडच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलरची फी मात्र बारा महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसाला परत अर्ज केला तर पुन्हा भरावी लागत नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं, नाहीतर कन्सल्टन्सीने खर्चाच्या यादीत ती परत लिहून ठेवलीच होती. पैशांचं म्हणालात की आहे ते दाखव, लोन आहे तर लोन सांग, लाजायचं काय त्यात. विषय संपला. बाकी कागदपत्रांचं इथे लिहीत बसत नाही, ते कुणालाही कुठेही मिळेल.

मला लिहायचंय ते त्या रविवारच्या कॉलबद्दल.

मी नेहमीसारखी टेबलाशी बसले होते, केस बिस नीट करून. तुम्ही कॉल लावलात आणि पहिलंच वाक्य, "उठ. तिथे खुर्ची नसते." खरंच की! पहिल्या वेळच्या सगळ्या मॉक इंटरव्ह्यूला मी एसीमध्ये खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून उत्तरं दिली होती, आणि प्रत्यक्षात खिडकीशी उभं राहायचं, हातात फाईल, मागे रांग, काचेच्या पलीकडून आवाज स्पीकरमधून येतो, धड ऐकूही येत नाही. माझे हात तेव्हा कुठे ठेवायचे तेच मला कळत नव्हतं आणि अर्धं लक्ष त्यातच गेलं होतं. तर मी उठले, लॅपटॉप कपाटावर ठेवला. आणि मग स्क्रीनमध्ये बघते तर तुमच्याकडचा कॅमेरा हलतोय, छत दिसतंय, पंखा दिसतोय, काहीतरी पडल्याचा आवाज, आणि थोड्या वेळाने तुम्ही दिसलात, उभ्या. बुटांच्या खोक्यांवर खोकी रचून त्यावर लॅपटॉप ठेवला होतात तुम्ही. मी म्हटलं ताई तुम्ही बसा ना, ऑफिसर तर बसलेलाच असतो. तर म्हणालात, "तू तासभर उभी राहणार आणि मी खुर्चीत टेकून तुला चुका सांगणार, जमायचं नाही मला ते."

तुमच्याकडे तिकडे अमेरिकेत रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दिवसभर लॅबमध्ये उभं राहून आला होतात, ते मला मागाहून कळलं, तेही तुमच्याकडून नाही. मध्ये मध्ये तुम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होतात ते मला दिसत होतं. तेवढा वेळ तुम्ही उभ्याच होतात.

मला नाही माहीत ताई हे कोणाला किती मोठं वाटेल. पण रिजेक्शन झाल्यापासून मी जिथे जिथे गेले तिथे समोरचा माणूस बसलेला आणि मी काहीतरी मागायला आलेली, असंच चाललं होतं. अगदी नातेवाईकांकडेसुद्धा. तुम्ही पहिल्या, ज्या माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिलात, आणि मला रडू आलं होतं त्या वेळी, कॅमेरा बंद पडला असं खोटंच सांगितलं होतं मी तुम्हाला, आज कबूल करते.

त्याच कॉलमध्ये तुम्ही अजून एक केलंत. मी बोलत असताना तुम्ही खाली बघून नुसत्या टायपिंग करत राहिलात, खडखड खडखड, वर बघायचं नावच नाही. मी गप्प झाले. तुम्ही खालीच बघत म्हणालात, "का थांबलीस?" म्हटलं तुम्ही ऐकत नाहीये असं वाटलं. "तेही असंच करतात. त्यांना बोलता बोलता नोंद करायची असते. टाईप करतायत म्हणजे ऐकतायत. तू तुझं वाक्य पुरं कर." पहिल्या वेळी नेमकं हेच झालं होतं, ऑफिसर टाईप करायला लागला आणि मला वाटलं संपलं सगळं. इतक्या जणांनी इतके सल्ले दिले, पण या टायपिंगबद्दल एकाने सांगितलं नव्हतं.

आणि तुमचा तो खवचट प्रश्न! अमेरिकाच का, याला मी सांगितलं की भूजलाच्या मॉडेलिंगसाठी जगभर वापरतात ते मॉडफ्लो सॉफ्टवेअर तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने बनवलंय, १९८४ पासूनचं आहे. मला वाटलं काय भारी उत्तर दिलं मी. तर तुम्ही म्हणता, "ते तर फुकट डाउनलोड होतं. घरी बसून शिक. कशाला एवढं लोन काढतेस?" मी गार. तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत, म्हणालात उद्या सांग. रात्रभर डोक्यात तेच. आणि दुसऱ्या दिवशी मला माझंच उत्तर सापडलं, की सॉफ्टवेअर फुकट आहे पण आकडे जुळवणं मॅन्युअलमधून येत नाही. माझ्या प्रोजेक्टमध्ये मी पाऊस मुरण्याचं प्रमाण आणि खडकाची पारगम्यता, म्हणजे त्यातून पाणी किती सहज वाहतं ते, दोन्ही एकाच पटीत वाढवली तरी विहिरीच्या पातळ्या तितक्याच येत होत्या, मग खरं कुठलं धरायचं? आमच्या कॉलेजात यावर काम करणारं कोणी नव्हतं आणि मी जिथे चाललेय तिथला एक अख्खा कोर्स यावरच आहे. हे मी बोलले तेव्हा तुम्ही टायपिंग थांबवून वर बघितलंत. तेव्हाच मला कळलं की झालं काम.

प्रत्यक्ष इंटरव्ह्यूचं तुम्हाला नीट सांगायचंच राहिलंय. यावेळी बाई होत्या. मागच्या वेळेपासून काय बदललं, हे पहिलंच विचारलं. मी म्हटलं कोर्स तोच, युनिव्हर्सिटी तीच, पैसे तेच, फक्त मागच्या वेळी माझ्या कामाबद्दल बोलणंच झालं नव्हतं. त्या म्हणाल्या मग बोला. त्यांनी टायपिंग सुरू केलं आणि मी थांबले नाही ताई! विहिरी, टेप, पातळ्या, सगळं. मग त्यांनी विचारलं की शिकून झाल्यावर हे कुठे वापरणार, मी म्हटलं त्याच विहिरींवर, त्यांचा डेटा माझ्याकडे आहे आणि तो अर्धवट आहे. आईवडिलांची सेवा वगैरे काही आलंच नाही मध्ये. एकही कागद मागितला नाही त्यांनी, एवढी फाईल घेऊन गेले होते. पासपोर्ट त्यांच्याच बाजूला ठेवला आणि पुढच्याला बोलावलं. हात कुठे होते माझे, आठवत पण नाही.

आता कोणी म्हणेल की त्या दिवशी दुसरा ऑफिसर असता तर परत रिजेक्ट झालं असतं. असेलही. मी काही तुम्ही व्हिसा मिळवून दिलात असं म्हणतच नाहीये. नाही लागला असता तरी हे पत्र मी लिहिलं असतं, थोडं रडकं झालं असतं एवढंच. आपल्याकडे मदत म्हणजे ओळख लावणं नाहीतर पैसे देणं, तेवढंच धरतात लोक. ज्याच्याकडून आपल्याला काडीचा फायदा नाही अशा अनोळखी पोरीचं बोलणं रात्री अकराला पाय दुखत असताना पूर्ण ऐकून घेणं, आणि वर ते आपण काही केलंच नाही असं वागणं, हे कुठल्या खात्यात धरायचं मला समजत नाही. अशी माणसं असतात हे आता मला माहीत झालंय आणि त्यामुळे बाकीच्यांचा राग जरा जास्तच येतो, खरं सांगते. त्यांना पण जमलं असतं की. खुर्चीतून उठायचंच होतं.

बाकी गंमत ऐका. काल कन्सल्टन्सीतून फोन. कुठून कळलं काय माहीत. "अभिनंदन! आपला व्हिसा झाला!" आपला? पुढे म्हणे एक हसरा फोटो पाठव, पासपोर्ट हातात धरून, बोर्डावर लावायचाय, आमची यशस्वी विद्यार्थिनी म्हणून. मी म्हटलं सर, तो नशिबाचा भाग होता, ऑफिसर मऊ मिळाली. फोन ठेवला त्यांनी.

फोटो काढलाय मात्र. तुम्हाला पाठवते रात्री. आणि तिकीट झालं की कळवते, तुमची युनिव्हर्सिटी माझ्यापासून बसने किती लांब पडते ते तेवढं बघून ठेवा.