रिबो साहेब, त्या एका ओळीबद्दल

आदरणीय जॉर्ज रिबो यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या लंडनच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात शिकाऊ पोर घेताना केलेल्या ७ ऑक्टोबर १८०५ च्या करारनाम्यातली तुमची ओळ वाचली की आजही गळा दाटून येतो. समोर उभा होता लोहाराचा चौदा वर्षांचा मुलगा, तुमच्याच दुकानाची वर्तमानपत्रं घरोघर पोचवणारा पोरगा, मायकेल फॅरेडे. हाताखाली शिकाऊ पोर ठेवायचं तर बापानं मालकाला रोख रक्कम मोजायची, हा तेव्हाचा लंडनचा रिवाज. तुम्ही मात्र लिहिलंत की त्याची प्रामाणिक सेवा पाहता रक्कम घेतलेली नाही. बाप आजारी, घरात चणचण. ती रक्कम त्यांनी आणली असती कुठून?

पुढची सात वर्षं बांधणीला आलेली पुस्तकं पोरगा वाचत बसला आणि तुम्ही हटकलं नाहीत. ब्रिटानिका ज्ञानकोशातला विजेवरचा लेख, जेन मार्सेट बाईंचं रसायनशास्त्र, सगळं तुमच्याच दुकानात त्याच्या हाती लागलं. वर प्रयोगांचा पसारा! १८१२ च्या जुलैत त्यानं व्होल्टाची चळत, म्हणजे सुरुवातीच्या काळातली बॅटरी, रचली. अर्ध्या पेनीची सात नाणी तांब्यासाठी, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद. कागद सात, छे, सहाच, असं मित्राला लिहिताना त्यानं स्वतःच दुरुस्त केलंय, आणि तेच बरोबर. तांबं, ओला कागद आणि जस्त मिळून वीज देणारा एक घट, तेव्हा कागद सहा म्हणजे घट सहा. टोकांची उरलेली चकती आणि नाणं नुसती जोडणीपुरती. घटामागे पाऊण ते एक व्होल्ट धरा, पाण्याचं विघटन करायला तेवढं पुरतं. कागद निथळून घ्यावे लागतात, नाहीतर पाणी कडेनं ओघळतं आणि शेजारचे घट आपसांत जोडले जाऊन चळत मरते. एखादी जोडी उलटी लागली तर ती बाकीच्यांच्या विरुद्ध ओढते. यातून मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणात प्रवाह सोडला. तारांवर बुडबुडे आले, दोनेक तासांत नितळ द्रावण गढूळ झालं. ऋण तारेपाशी अल्कता (आम्लाच्या उलट गुण) वाढते आणि मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियमचं पांढरं संयुग, न विरघळता तरंगत राहतो, म्हणून. विद्युत् विघटनाचे नियम त्याच्या नावावर लागले ते दोन दशकांनंतर.

आता बड्यांचं ऐका. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना त्यानं नोकरीसाठी पत्र धाडलं. दारावरच्या माणसाकडे निरोप ठेवलेला होता: उत्तर नाही. एवढ्या मोठ्या माणसाला दोन शब्द जड झाले! पाठ्यपुस्तकंही तशीच. ‘गरीब बुकबाइंडर’ छापतात आणि मालकाचं नाव गाळतात.

भाऊ रॉबर्टचेही आभार मानायला हवेत. टॅटम यांच्या विज्ञानावरच्या व्याख्यानांचा शिलिंग तोच द्यायचा. त्या व्याख्यानांच्या वह्या तुम्ही कौतुकानं गिऱ्हाइकांना दाखवल्यात. डान्स नावाच्या गृहस्थांनी त्या पाहिल्या आणि पोराला नामांकित रसायनशास्त्रज्ञ डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं मिळाली. स्वतःची पुस्तकं खपवायची सोडून शिकाऊ पोराची वही पुढे करणारा दुकानदार कुठे भेटतो? १ मार्च १८१३ ला पोरगा डेव्ही यांच्याच रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत रुजू झाला.

टॅटमच्या त्या वह्यांची अर्पणपत्रिका त्यानं तुमच्याच नावे लिहिलीय, साहेब. विज्ञानाची ओढ दिसताच तुम्ही आस्थेनं लक्ष घातलंत, असं त्यात स्वच्छ म्हटलंय.

आपला कृतज्ञ,
फॅरेडेचे नियम शिकवणारा एक शिक्षक