ऑनलाइन सभेतील मतदान नावानिशी व्हावे

मा. संपादक,

करोनाच्या साथीत २०२० साली राज्यातील महापालिकांच्या सर्वसाधारण सभा दूरदृश्य प्रणालीद्वारे घेण्यात आल्या. त्या वेळी ते अपरिहार्य होते, याविषयी दुमत नाही. तथापि ही पद्धत पुढे कधीही वापरली जाणार असेल, तर तिचे नियम आधी ठरायला हवेत. आमच्या शहरातील एका सभेत विरोधी सदस्याने मूळ प्रस्तावात बदल सुचवणारी उपसूचना मांडण्यास आरंभ करताच त्यांचा माईक बंद झाला, आणि तो सुरू होईपर्यंत पीठासनावरून ‘विषय मंजूर’ असे जाहीर होऊन पुढील विषय पुकारलाही गेला. सभागृहात असे घडले असते तर सदस्य उठून पीठासनासमोर गेले असते. पडद्यावर मात्र केवळ हात हलताना दिसले. (काहींचे तर कॅमेरेच बंद होते, त्यामुळे त्यांची उपस्थिती कशी मोजली, हे नगरसचिवच जाणोत.)

अशा सभेत उपसूचना आदल्या दिवशी लेखी स्वीकाराव्यात, प्रत्येक सदस्याचे नाव पुकारून मत नोंदवावे आणि सभेचे चित्रीकरण इतिवृत्त कायम होण्यापूर्वीच नागरिकांना पाहता यावे. प्रेक्षक सज्जा बंद ठेवून करदात्यांच्या पैशांचे निर्णय घेणाऱ्या सभागृहाकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

– एक करदाता