‘रिकाम्या पोकळीत’ म्हणे! दीर्घिकांच्या फोटोखालच्या ओळीबद्दल

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जेम्स वेब दुर्बिणीने काढलेला स्टीफन्स क्विंटेट या दीर्घिकांच्या (म्हणजे गॅलेक्सींच्या) घोळक्याचा फोटो चांगला अर्धं पान छापलात त्याबद्दल आधी थँक्स, नाहीतर त्या जागी राशीभविष्य नाहीतर प्लॉटिंगची जाहिरात असते. पण खाली ओळ काय, तर ‘अथांग रिकाम्या पोकळीत नाचणाऱ्या पाच दीर्घिका’. यात दोन चुका आहेत, एक किरकोळ, दुसरी मात्र डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो.

किरकोळ आधी. एकत्र अशा चारच आहेत. डावीकडची एनजीसी ७३२० (एनजीसी म्हणजे यादीतला नंबर) आपल्यापासून साधारण ४ कोटी प्रकाशवर्षांवर आणि बाकीच्या २९ कोटींच्या आसपास, म्हणजे लग्नाच्या ग्रुप फोटोत भलताच माणूस कॅमेऱ्यापुढे यावा तसं झालंय. १८७७ साली मार्सेयला एदुआर स्टीफनने हा घोळका शोधला तेव्हा त्याला हे कळायला मार्गच नव्हता, आपल्याला आहे.

आता ते ‘रिकामं’. अहो, मधली जागा रिकामी नाहीये! तिथे वायू आहे आणि तो इतका तापलेला आहे की साध्या प्रकाशात दिसतच नाही, एक्स-रेमध्ये चमकतो. याच घोळक्यात एनजीसी ७३१८बी नावाची दीर्घिका सेकंदाला सुमारे ९०० किलोमीटर वेगाने मधल्या वायूत घुसलीय आणि त्या धडकेने तापलेल्या वायूचा लांबच लांब पट्टा चंद्रा दुर्बिणीच्या एक्स-रे फोटोत स्पष्ट दिसतो. (चंद्रा म्हणजे आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची, १९९९ पासून अंतराळात आहे.)

मोठ्या क्लस्टरमध्ये, म्हणजे शेकडो दीर्घिकांच्या जत्रेत, असा वायू असतो हे बरंच आधी माहीत होतं. तीन-चार दीर्घिकांच्या छोट्या ग्रुपमध्येही तो सापडतो हे कळलं एक्स-रे टिपणाऱ्या रोसॅट उपग्रहामुळे, हा १९९० ला सोडला. १९९३ मध्ये ध्रुवताऱ्याच्या बाजूला असलेल्या एनजीसी २३०० च्या ग्रुपभोवती सुमारे १ कोटी अंशाच्या वायूचा ढगच्या ढग दिसला. आणि गंमत तिथेच आहे, इतका तापलेला वायू कधीच पळून जायला हवा होता, दिसणाऱ्या दीर्घिकांचं सगळं वजन एकत्र केलं तरी त्यांच्या ओढीने तो थांबला नसता, मग धरून कोणी ठेवलाय? तर न दिसणाऱ्या द्रव्याने, ज्याला डार्क मॅटर म्हणतात. म्हणजे वायूचं तापमान मोजलं की न दिसणाऱ्याचं वजन काढता येतं. मला तरी हे दीर्घिकांच्या नाचापेक्षा भारी वाटतं.

माझ्या नातवाने विचारलं की १ कोटी अंश म्हणजे तिथे गेलो तर भस्म होऊ का. तर नाही, तो वायू इतका विरळ की लिटरभराच्या बाटलीत जेमतेम एखादा अणू मिळेल, चटका बसायला कण तर पाहिजेत. तापमान म्हणजे प्रत्येक कण किती जोरात पळतोय ते. पळणारा इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना वळतो आणि त्यात एक्स-रे सुटतो, शिवाय त्या वायूत लोखंडाचे अणू आहेत त्यांचाही ठरावीक उजेड येतो. लोखंड आलं कुठून? ताऱ्यांच्या स्फोटातून, दीर्घिकेत शिजलं आणि बाहेर गेलं, आपल्याकडच्या फोडणीचा ठसका शेजाऱ्यांना लागतो तसं. वायू विरळ असला तरी पसरलाय लाखो प्रकाशवर्षं, त्यामुळे कित्येक ग्रुपमध्ये त्याचं एकूण वजन ताऱ्यांच्या तोडीला येतं. मग रिकामं कसं म्हणायचं सांगा. हां, सगळ्याच ग्रुपमध्ये असा भरपूर सापडतो असं नाही, नुसत्या सर्पिल दीर्घिकांच्या ग्रुपमध्ये फारसा दिसत नाही, लंबगोल मोठी दीर्घिका मधोमध असेल तिथे जास्त.

आणि हा विषय आपल्या दारातला आहे हो. मी जुन्नरचा, इथून खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश जवळच. ग्रुपच्या मधल्या दीर्घिकेतलं कृष्णविवर वायूत फुगे फुगवतं, एक्स-रेमध्ये तिथे खळगे दिसतात आणि त्यात काय भरलंय ते रेडिओ दुर्बिणीत दिसतं. कन्या राशीतल्या एनजीसी ५०४४ च्या ग्रुपचा अभ्यास चंद्रा आणि आमची खोडद असा मिळूनच झालाय! या फुग्यांमुळे वायू थंड होऊन खाली बसत नाही. छोट्या ग्रुपची ओढ मुळात कमी, त्यामुळे तिथे कृष्णविवराचा दणका मोठ्या क्लस्टरपेक्षा जास्त लागतो, वायू पार कडेला ढकलला जातो. एक्स-रे हवेतून खाली येत नाहीत म्हणून त्यासाठी वरच जावं लागतं, आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलीय, तेही कधीतरी छापा की.

तर विनंती एवढीच, की पुढच्या वेळी याच घोळक्याचा एक्स-रे फोटो शेजारी लावा आणि त्यातला रंग कॉम्प्युटरने दिलाय हे बारीक अक्षरात का होईना पण लिहा. आणि २८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, तेव्हा ओळी लिहिणाऱ्या त्या मुलाला पाठवून द्या. नारायणगावला उतरून फोन करायला सांगा, मी न्यायला येतो.

आपला,
एक जुना वाचक, जुन्नर