चि. ओंकारला पत्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणालास आणि ठेवून दिलास. मी आईला तेच सांगितलं. ती म्हणाली, "ठीक म्हणजे काय, ते विचारलंत का?" नाही विचारलं. फोनवर तूही बोलत नाहीस, मीही नाही, नुसता पंखा ऐकू येतो. म्हणून पत्र.

तिथे कुणाशी बोलतोस का रे? एवढंच. पुन्हा विचारणार नाही.

सुयांची पिशवी पोचली ना? त्यातल्या 11 नंबरच्या सुया माईच्या आहेत, जपून. बॉर्डरला त्या घे आणि अंगाला 9. (हे मी तुला सांगतोय!) तुझ्या फॅशन कॉलेजात निटवेअर, म्हणजे विणलेल्या कपड्यांचा अभ्यास, पुढच्या वर्षापासून, पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच, हे कळलं तेव्हा तुझा चेहरा पडला होता. पण निफ्टमध्ये बसून तू टाके घालणारच, मला माहीत आहे. फक्त खोलीचं दार लावून घालू नकोस.

काल कपाट आवरताना तुझा हिरवा स्वेटर सापडला. तुला आखूड झाल्यापासून तो मीच घालत होतो. मी गोष्ट वाचायचो, तू आणि माई खाटेवर बसून विणायचात. गोष्ट रंगात आली की तुझ्या सुया थांबायच्या आणि माई मान वर न करता म्हणायची, "गळला बघ टाका." डाव्या मुंढ्याखाली तसाच एक चार ओळी खाली घसरला होता. क्रोशाच्या सुईने तू तो एकेक ओळ वर आणलास, पण मध्ये एक सुलटऐवजी उलट पडला. अजून दिसतो. माई उसवायला निघाली तर तू रडलास.

त्रैराशिकही त्याच खाटेवर झालं. 8 नंबरच्या सुईवर 4 इंचांत 22 टाके, तर 36 इंचांच्या घेराला किती? तू 198 म्हणालास. माई म्हणाली, "दोन जास्तीचे घाल, शिवणीला." ते पुस्तकात नव्हतं.

तुझी शाळा सोडवून घरीच शिकवायचं ठरवलं तेव्हा काका शिक्षण हक्काचा कायदा घेऊन आला होता, 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शाळा हवीच म्हणून. मला त्याची भीती नव्हती वाटली. भीती वेगळीच होती. नगर वाचन मंदिरातल्या काउंटरवरच्या बाईंशी तू तासभर बोलायचास, आणि सोसायटीतली पोरं जिन्यात भेटली की गप्प. मोठ्यांतच वाढलास तू. आता खोलीत एक मुलगा आहे, वर्गात तीसेक असतील. कुणी चहाला बोलावलं तर नको म्हणू नकोस. जेवताना पुस्तक उघडून बसू नकोस. स्वतःहून एखादा प्रश्न विचारावा, समोरच्याचं गाव विचारावं, त्यात काही कमीपणा नाही, आणि हिंदी चुकली तर चुकू दे...

झालं भाषण. माफ कर. लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो.

एनआयओएसच्या, म्हणजे मुक्त शाळेच्या, दहावीला पाच विषयांत गृहविज्ञान घेतलंस, तेव्हा मीच कुरकुरलो होतो. त्या पेपरला केंद्रावर मुलगा असा तू एकटाच. बाहेर येऊन म्हणालास, "सोपा होता. कापडावरचा प्रश्न होता." आणि मागे बसून हेल्मेट घातलंस. गाडी मी चालवत होतो, चेहरा तुला दिसला नाही, ते बरंच झालं.

म्हणजे एकट्याने उभं राहणं तुला जमतं. माझी काळजी त्याची नाहीच मुळी.

माई दिल्लीच्या थंडीसाठी टोप्या विणायला बसली आहे. एक तुझी, एक तुझ्या खोलीतल्या मुलाची. लोकर करडी आहे, दोन सुलट दोन उलट. त्याच्या डोक्याचा घेर कानांवरून टेप धरून मोज आणि इंचांत कळव. अंदाजे चालणार नाही, असं तिचं म्हणणं आहे. आणि नाव लिही. ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

तुझा,
बाबा