जुडग्याचा आवाज

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप येऊन तीन आठवडे झाले. "कसं चाललंय?" एवढंच विचारलं होतंस, पण एका ओळीत उत्तर देववेना, म्हणून आज पत्रच लिहायला बसले. रात्रपाळी माझ्याकडे आहे. मुलं झोपलीत, निदान दिवे तरी बंद आहेत.

ताई निवृत्त झाल्या. 22 वर्षांनी. बेघर मुलांच्या आपल्या संस्थेचा कारभार त्यांच्याकडून आता माझ्याकडे आलाय.

किल्ल्यांचा तो जुडगा तुला आठवत असेलच. पितळी कडी, 17 किल्ल्या, त्यातल्या चार कुठल्या कुलपाच्या हे कुणालाच ठाऊक नाही. ताई जिना चढू लागल्या की तो कमरेला खुळखुळायचा आणि अख्ख्या घराला कळायचं, ताईंची फेरी सुरू झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. त्या रात्री मी फेरीला निघाले. दुसऱ्या मजल्यावर एक दार किलकिलं झालं. 16 वर्षांचा मुलगा, येऊन आठ महिने झालेला. जुडग्याच्या आवाजाने उठला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, एक शब्द बोलला नाही, दार लावून घेतलं. आणि मग आतून खाट ओढल्याचा आवाज आला. त्याने खाट दाराला लावली होती. आला तेव्हा पहिले कित्येक आठवडे तो रोज तसंच करायचा. मग हळूहळू ती सवय सुटली होती.

मी जिन्यात तशीच उभी राहिले. विश्वस्तांनी या खांदेपालटाची किती तयारी केली होती! बँकेतल्या सह्यांचे अधिकार बदलले, देणगीदारांना पत्रं गेली, मी अचानक आजारी पडले तर निर्णय कुणी घ्यायचे याचाही ठराव झाला. ही सगळी कामं गरजेचीच, मी त्यांना नावं ठेवत नाही. पगार एक दिवस लांबला तरी कर्मचाऱ्यांचा धीर सुटतो, आणि तो मुलांना लगेच कळतो. पण त्या खाटेसाठी कुठला ठराव करणार?

आपल्याकडे येणारी मुलं कशी येतात ते तू जवळून पाहिलंयस. कुणाची आई एक दिवस कामाला गेली ती परत आलीच नाही. कुणाला सावत्र बापाने हाकललं, कुणी मार चुकवून स्वतःच पळालं. एका नातेवाइकाकडून दुसऱ्याकडे, तिथून रस्त्यावर. त्यांच्या आयुष्यातलं मोठं माणूस कधी सांगून गेलेलंच नसतं. म्हणून एखादं माणूस जाणार म्हटलं की त्यांच्या लेखी त्याचा अर्थ एकच असतो.

तू गेलास तेव्हाची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तू शुक्रवारी काम सोडलंस आणि सोमवारी मुलांनी विचारलं, "दादा कुठाय?" आम्ही "रजेवर आहे" म्हणालो. दोन आठवडे तेच म्हणत राहिलो. मुलांना त्रास नको, असं आम्हाला प्रामाणिकपणे वाटत होतं. तू ज्याला गणित शिकवायचास तो महिनाभर वही घेऊन त्याच खुर्चीशेजारी बसायचा. पुढे एक दिवस तोही निघून गेला. यात तुझा दोष नव्हता रे. सांगायचं काम आमचं होतं आणि ते आम्ही केलं नाही. हे लिहिताना आजही मला वाईट वाटतंय.

म्हणून ताईंच्या वेळी मी हट्ट धरला. सगळ्यांत आधी मुलांना सांगायचं, देणगीदारांच्याही आधी. चार महिने अगोदर, तारखेसकट, आणि ताईंनी स्वतः. त्या मोठ्या खोलीत खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी अमुक तारखेला काम थांबवणार आहे. मला थकवा येतो. तुमच्यामुळे नाही." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एका मुलीने विचारलं, "आमचं काय चुकलं?" ताईंनी कारण आधीच सांगितलं होतं, तरी तिला हाच प्रश्न पडला. ताईंनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. त्या चार महिन्यांत ते त्यांनी किती वेळा सांगितलं याची गणतीच नाही.

नव्या प्रमुखाच्या निवडीत मुलांनाही बसवलं. बाहेरचे दोन उमेदवार होते, तिसरी मी. विश्वस्तांनी निधी आणि नियोजनाबद्दल विचारलं. मुलांनी विचारलं, "रात्री 2 वाजता दार वाजलं तर कोण उघडतं?" इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

तयारी करताना इतर संस्थांचं काय झालं तेही वाचून काढलं. लंडनची सेंटरपॉइंट 1969 च्या डिसेंबरात सोहोमधल्या सेंट अ‍ॅन चर्चच्या तळघरात सुरू झाली. सुरू करणारे केनेथ लीच तेव्हा जेमतेम तिशीचे होते. 1971 मध्ये ते सोहो सोडून पुढच्या कामाला गेले. संस्था मात्र आजही 16 ते 25 वयाच्या बेघर तरुणांसाठी उभी आहे. दुसरं उदाहरण बेघर मुलांना आसरा देणाऱ्या न्यूयॉर्कच्या कव्हेनंट हाउसचं. संस्थापक फादर ब्रूस रिटर म्हणजेच संस्था, असं समीकरण होऊन बसलं होतं. त्यांच्यावर गंभीर आरोप झाले. त्यांनी ते नाकारले, पण फेब्रुवारी 1990 मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. देणग्या आटल्या. त्याच वर्षी सिस्टर मेरी रोज मॅकगीडी यांनी सूत्रं हाती घेतली आणि 2003 पर्यंत ती सांभाळली. मी सारखा विचार करते तो त्यांच्या पहिल्या महिन्यांचा. वर्तमानपत्रांत रोज संस्थेचं नाव, आणि संध्याकाळ झाली की दाराशी मुलं उभीच. दार बंद ठेवून तर चालणार नव्हतं. संस्था एकाच माणसाच्या नावाने ओळखली जाऊ लागली की तो माणूस कितीही भला असो, मला आता धास्ती वाटते.

आता जड गेलेली गोष्ट. ताईंनी विचारलं होतं, "आठवड्यातून एक दिवस आले तर?" विश्वस्तांनी तर मार्गदर्शक म्हणून खोलीही रिकामी करून ठेवली होती. मी नाही म्हणाले. सहा महिने नको. ताई असल्या की मुलं आणि कर्मचारी प्रत्येक निर्णयासाठी त्यांच्याच तोंडाकडे बघणार, आणि माझं "नाही" म्हणजे अर्धं "नाही" ठरणार. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांना मी हे तोंडावर सांगितलं. त्या गप्प राहिल्या, मग "बरं" म्हणाल्या. त्यांचा आवाज कापरा झाला होता. मी घरी येऊन रडले. निर्णय बरोबर होता असं मला अजूनही वाटतं. पण त्यांनी मुलांना दर महिन्याला पत्र लिहायचं कबूल केलंय आणि पहिलं पत्र ठरल्या तारखेला आलं. आम्ही ते मोठ्याने वाचलं.

पहिले पंधरा दिवस कठीण गेले. वेळेत परतायचे नियम मोडले, भिंतीला एक भोक पडलं, दोघं रात्रभर बाहेर राहिले. मुलं मला तपासत होती. मी हाकलून देते की नाही, हेच त्यांना बघायचं होतं. ती दोघं पहाटे आली तेव्हा दार मीच उघडलं. रागावणं सकाळवर ठेवलं, आणि सकाळी रागावलेही.

तो खाटवाला मुलगा परवा कार्यालयात आला. दारातच उभा राहून म्हणाला, "तुमची तारीख कधी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "अजून ठरलेली नाही. विश्वस्तांशी पाच वर्षांचं बोलणं झालंय. ठरली की आधी तुम्हाला सांगेन."

"ताईंसारखं? चार महिने?"

"चार महिने."

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मान हलवली आणि निघून गेला. आज रात्री फेरी मारताना मी त्याच्या दाराशी थांबले. खाट अजून दारालाच आहे, फटीतून तिचा पाय दिसतो.

एक मागणं आहे. पुढच्या महिन्यात जमलं तर एक दिवस ये. गणिताच्या खुर्चीवर आता दुसरे दादा बसतात, पण तुला ओळखणारी तीन मुलं अजून इथे आहेत. येणार असलास तर तारीख आधी कळव आणि नक्की असेल तरच कळव, म्हणजे मी त्यांना सांगून ठेवीन.

तुझी मैत्रीण