तेच गाणं, पंचेचाळीस वर्षांनी

नाशिक,
रविवार, रात्र

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "त्या अमेरिकन कंट्री गायकाने, जॉनी कॅशने, म्हातारपणी दुसऱ्यांची गाणी गायली, त्यात एवढं काय?" तेव्हा मी नुसतं हं म्हटलं, कारण पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतंच. दोन दिवस तोच प्रश्न डोक्यात होता. आज जेवणं झाल्यावर कागद घेऊन बसलोय.

आधी एक आठव. अभंग ऐकताना आपण कधी म्हणतो का, की हे तुकोबांचं, भीमसेनांचं यात काय? भावगीताचंही तसंच. कवी एक, संगीतकार दुसरा, गाणारा तिसरा, आणि गाणं तिघांचं. तिकडे अमेरिकेत, विशेषतः स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्यांच्या बाबतीत, लोकांचा कल वेगळा असतो. लिहिलं त्याचं गाणं, बाकीच्यांचं ते कव्हर. तुझा प्रश्न तिथून आलाय असं मला वाटतं.

कॅशची तेव्हाची अवस्था ठाऊक आहे ना? कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अठ्ठावीस वर्षांनंतर, 1986 मध्ये, त्याला सोडून दिलं होतं. मग रिक रुबिन आला. हिपहॉप आणि हेवी मेटलच्या रेकॉर्ड काढणारा दाढीवाला तरुण. त्याने कॅशला आपल्या घरच्या दिवाणखान्यात बसवलं आणि आवडतील ती गाणी गायला सांगितलं. 1994 ची ती पहिली 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' म्हणजे फक्त एक गिटार आणि एक माणूस. हेडफोन लावून ऐक. ओळ सुरू व्हायच्या आधी त्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. ज्याचा 'आय वॉक द लाइन' या गाण्याच्या वेळी तारांखाली कागद सरकवून गिटारमधून ड्रमसारखा खरखरीत ठेका काढायचा उद्योग होता, त्याने इथे सगळं काढून टाकलं. लेनर्ड कोहेनचं 'बर्ड ऑन द वायर' तिथे आहे, आणि ते मला मूळच्यापेक्षाही जवळचं वाटतं.

आता 'हर्ट', त्याच मालिकेतल्या चौथ्या रेकॉर्डवरचं, 2002 च्या 'अमेरिकन फोर'वरचं. ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ट्रेंट रेझ्नर या रॉक गायकाने ते लिहिलं तेव्हा त्याची तिशीही झाली नव्हती. मूळ गाण्यात मुकुटाला जोडून एक घाण शब्द येतो. कॅशने तो काढला आणि तिथे काटे घातले. येशूचा काटेरी मुकुट! एका शब्दाने तरुण माणसाचा स्वतःबद्दलचा तिरस्कार म्हाताऱ्या भाविकाचा कबुलीजबाब झाला. दिग्दर्शक मार्क रोमानेकने केलेल्या त्याच्या व्हिडिओत त्याच्या बंद पडलेल्या संग्रहालयातली धूळ दिसते, जिन्यावर उभी राहून त्याच्याकडे बघणारी त्याची बायको जून दिसते, आणि शेवटी तो पियानोचं झाकण मिटतो. ती मे 2003 मध्ये गेली, तो सप्टेंबरात. तो व्हिडिओ मला वर्षातून एकदाच बघवतो.

सगळी कव्हरं जमलीत असं नाही हं. त्याच 'अमेरिकन फोर'मध्ये बीटल्सचं 'इन माय लाइफ' आहे, ते मला नुसतं थकलेलं वाटतं. गाणं आधीच इतकं ओळखीचं, की त्याला त्यात शिरायला फट सापडलेली नाही.

पण तुला ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते 'हर्ट' नाहीच. त्याच रेकॉर्डवर 'गिव्ह माय लव्ह टू रोझ' आहे. ते त्याचं स्वतःचं गाणं! 1957 मध्ये सन रेकॉर्ड्ससाठी त्याने ते पहिल्यांदा गायलं. आठवतं? शिवाजीनगर स्टेशनच्या बाकावर, एक कानातलं तुझ्या कानात, एक माझ्या. कर्जतकडून एक मालगाडी आली आणि तू वॉकमन थांबवलास, म्हणालास, गाडी जाऊ दे, मग पुढे.

गोष्ट साधी आहे. रुळांच्या कडेला एक माणूस मरायला टेकलेला सापडतो. दहा वर्षं तुरुंगात काढून तो लुइझियानाला बायकोकडे निघालेला. ज्याला तो सापडतो त्याला तो सांगतो, माझे पैसे रोझला दे, पोराला सांग बापाला तुझा अभिमान आहे, तिला म्हणावं एकटी राहू नकोस.

पंचविशीतला कॅश हे गातो तेव्हा ज्याला तो माणूस सापडला, तो वाटसरू असतो. रस्त्याने जाताना थांबलेला, हेलावलेला, तरीही धडधाकट. निरोप पोचवेल, पुढे जाईल. सत्तराव्या वर्षी तोच कॅश तेच शब्द गातो, आणि आता तो रुळांशेजारी पडलेला माणूस आहे. मधुमेह, अधू झालेली दृष्टी, वरचेवर होणारा न्यूमोनिया. आवाज ओळीच्या शेवटी विरतो, काही ठिकाणी शब्द नुसता बोलल्यासारखा येतो. निरोप द्यायचाय आणि दम पुरत नाही, हे आता अभिनयाचं काम उरलेलं नाही. शब्द तेच, चाल तीच, पण गाणाऱ्याची जागा बदलली. या गायकीला 2003 चं ग्रॅमी मिळालं, मला त्याचं मनापासून समाधान वाटतं.

म्हणून म्हणतो विनू, कॅशने सगळ्यात मोठं कव्हर स्वतःचं केलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका पोराने लिहिलेलं गाणं त्याला परक्यासारखं हातात घ्यावं लागलं. आणि रेझ्नरचं, कोहेनचं त्याने जसं घेतलं, अगदी तसंच हेही घेतलं.

दोन्ही रेकॉर्डिंगं पाठवतोय. आधी 1957 चं ऐक, मग थोडं थांब, चहा कर, आणि मग दुसरं. रात्रीच ऐक, घरात सामसूम झाल्यावर. आणि 'मिस्टर' हा शब्द तो दोन्ही वेळा कसा म्हणतो ते मला कळव. मला काय ऐकू आलं ते मी तुझं उत्तर येईपर्यंत सांगणार नाही.

वहिनींना नमस्कार, छकुलीला गोड पापा.

तुझा,
सुधा