बार्शी लाईटच्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही म्हणालात, "आभार कसले मानतीस पोरी, चहाला ये." चहाला येणारच आहे. पण हे पत्र चारचौघांत लिहायचं फार मनात होतं, कारण तुम्ही जे दिलंत ते आमच्या एका घरात पडून राहावं असं मला वाटत नाही. नाव घालू नको म्हणालात, म्हणून घालत नाही. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उभी हयात काढलेले एक फिटर, एवढंच लिहिते. ओळखणारे ओळखतील.

आमच्याकडे आजोबांचा एकच फोटो. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मुंडासं, हातात काठीसारखं काहीतरी, मागे रेल्वेचा डबा. आजोबा गेले तेव्हा माझे वडील चार वर्षांचे होते. आजी सांगायची, "बार्शी लाईटला होते," म्हणजे बार्शीच्या त्या अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेत. त्यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नाही. वडिलांना वाटायचं हमाल असावेत, थोरली आत्या म्हणायची फाटकावर होते. मी एका कार्यालयात चौकशीला गेले, तर इतकं जुनं काही सापडणार नाही असं दारातच सांगितलं. कागद तरी त्यांनी कुठून आणायचे? आजोबा नोकरीला होते तेव्हा ही रेल्वे सरकारची नव्हतीच, लंडनमधल्या एका कंपनीची होती. ती सरकारने विकत घेतली 1954 साली, आजोबा गेल्यानंतर. हेसुद्धा मला तुमच्याकडेच कळलं.

तुम्ही फोटो ओसरीवर उन्हात नेलात, भिंग लावलंत आणि बराच वेळ काही बोललाच नाहीत. मग म्हणालात, "हा फोटू बार्शीचा न्हाई. कुर्डुवाडीचा हाय." फोटोच्या डाव्या कडेला, जिथे सत्तर वर्षांत आमच्या घरातल्या कुणी पाहिलंच नव्हतं, तिथे एका मोठ्या डब्याचं दार होतं. आजोबांच्या पाठीमागचा डबा त्याच्यापुढे धाकट्या भावासारखा. दोघांच्या मध्ये फळी टाकलेली. "हिकडं मोठी लाईन, हिकडं आपली. हितं माल बदलायचा." मग भिंग आजोबांच्या हातावर आलं. "आन ही काठी न्हाई. लांब दांड्याचा हातोडा हाय. तुजा आजा कीमन हुता."

काका, मला तेव्हा कीमन म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. तुम्ही हसला नाहीत. सकाळी आपल्या हद्दीच्या एका टोकाला निघायचं, हातोडा आणि पाना खांद्यावर, आणि रुळाच्या कडेकडेने चालत दुसऱ्या टोकाला जायचं. ढिला बोल्ट दिसला की आवळायचा, वर आलेला खिळा ठोकायचा, दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीला, फिशप्लेटला, तडा नाही ना ते वाकून बघायचं. मग दुसऱ्या रुळाकडे नजर ठेवून परत यायचं. उन्हाळा असो, पाऊस असो, सण असो. गाडीत बसलेल्या कुणालाही हा माणूस ठाऊक नसतो. आणि मग तुम्ही जे म्हणालात ते मी तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं, "मोठ्या लाईनीचं रूळ जड, थोडं दुर्लक्ष झालं तरी सोसत्यात. आपलं रूळ हलकं. आपली लाईन माणसाच्या पायावर चालायची."

मी आले होते ते 'गोड छोटी झुकझुक गाडी' असं काहीतरी लिहायच्या तयारीने. तुम्ही माझ्या डोक्यातला तो खेळण्यातला आगगाडीचा डबा उचलून बाजूला ठेवलात आणि खडूने फरशीवर आकृती काढलीत. दोन रेघा, मध्ये अडीच फूट. मग चार आस, म्हणजे चाकांच्या जोडीमधले दांडे, काढलेत आणि प्रत्येकाखाली पाचाचा आकडा. एका आसावर पाच टन, त्याच्यापेक्षा जास्त नाही. डबा असो की इंजिन. हे गणित मांडलं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने. तो 1882 साली जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. जीआयपीची मोठी लाईन सोलापूरकडे गेली ती बार्शीला बाजूला टाकून. बार्शी ही कापसाची, धान्याची भरलेली पेठ, आणि स्टेशन वीस-बावीस मैलांवर. मधलं अंतर बैलगाडीने. त्या स्टेशनाचं नावच तेव्हा बार्शी रोड होतं, आजचं कुर्डुवाडी.

आता मोठ्या मापाची लाईन टाकायची तर खर्च झेपत नाही, आणि छोटी टाकायची तर लोक म्हणणार, खेळणं होईल, माल किती नेणार? कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटून दिलंत तर रूळ हलके चालतात. रूळ हलके म्हणजे लाईन स्वस्त, आणि डबे मात्र लांब, बोगीवाले, भरपूर माल घेणारे. बार्शीचे रूळ यार्डाला 30 पौंड वजनाचे होते. त्यांच्यावरून ओढायला लीड्सच्या किटसन कारखान्यात इंजिनं बनली, एकमेकांना जोडलेली आठ चाकं आणि मागे वजन पेलायला आणखी चार. जहाजावर चढवण्याआधी लीड्सजवळ खास रूळ टाकून इंजिन आणि डब्यांची चाचणी घेतली होती. 1897 साली बार्शीला गाडी आली.

तुम्ही हे सांगत होतात आणि फरशीवरचा प्रत्येक पाचाचा आकडा बोटाने पुन्हा पुन्हा गिरवत होतात. खडूची पूड नखात गेली होती. वर्कशॉपमध्ये एखाद्या शिकाऊ पोराला शिकवावं तसं मला शिकवलंत. शाळेत मला असं कुणी काही समजावून सांगितल्याचं आठवत नाही.

कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशायरमध्ये, लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे बांधली, 1904 साली. माप तेच अडीच फूट. आधी बार्शी, मग ती. आपल्याकडे रेल्वे म्हणजे तिकडून आलेली गोष्ट, असंच आपण ऐकत आलो. इथे बार्शीचा धडा तिकडे गेला, आणि ती तिकडची लाईन 1934 मध्ये बंदही पडली, तेव्हा आपली पूर्ण जोमात होती. हे मी सांगितलं तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी विसरणार नाही. तेवढी एकच गोष्ट मला तुम्हाला नवी सांगता आली. तोच कॅलथ्रॉप नंतर विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला, तेही तुम्हाला ऐकून बरं वाटलं. "वजनाचं गणित डोस्क्यात पक्कं आसंल त्येच्या," म्हणालात.

लाईन वाढत गेली. 1906 साली पंढरपूर, ताडवळ्यावरून निजामाच्या मुलखात 1911 साली लातूर, आणि 1927 साली मिरज. सगळी मिळून 202 मैल. लातूरची तूर आणि गळिताची धान्यं या गाडीने कुर्डुवाडीला यायची आणि तिथून हमालांच्या पाठीवरून मोठ्या डब्यात जायची. आमच्या फोटोतली ती फळी म्हणजे लातूरच्या बाजारपेठेचा उंबराच म्हणायचा. लातूर आज व्यापाराचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्यात या लाईनीचा वाटा किती मोठा आहे, हे लातूरकरांनीच कधीतरी नीट लिहायला हवं.

पंढरपूरच्या आषाढीचं तुम्ही सांगितलंत तेव्हा आतून काकूही येऊन बसल्या. जादा गाड्या, मालडबे झाडून-पुसून वारकऱ्यांसाठी लावलेले, तरी टपावर माणसं. वर्कशॉपमध्ये आधीचे पंधरा दिवस दिवाळीसारखी गडबड. ब्रेकचं काम रात्री दिव्याच्या उजेडात. "माऊली घरी सुखरूप पोचली पायजे, येवढंच डोस्क्यात." तुम्ही स्वतः नोकरीत असताना आषाढीला कधी पंढरपूरला गेला नाहीत, हे काकूंनी सांगितलं. तुम्ही नाही.

मग येडशीला नेलंत. तुमचे गुडघे दुखतात, तरी नेलंत. बार्शीकडून बालाघाटात चढणारी ती जुनी वाट, रामलिंगाचं रान, आणि झुडपांत बुडालेला एक भराव. नवी मोठ्या मापाची लाईन, ब्रॉडगेज, धाराशिव गावातून काढली, जुनी तिकडे जातच नव्हती, म्हणून काही तुकडे असे मागे राहिले. भरावाखाली दगडी मोरी होती, जेमतेम कंबरेइतकी उंच. तुम्ही आत वाकून सांध्यावर हात फिरवलात आणि मलाही फिरवायला लावलात. दगड घट्ट बसलेले. मोरीतून पावसाळ्याच्या पाण्याने आणलेली बारीक वाळू पडली होती, आणि वाळूत शेळ्यांच्या खुरांचे ठसे. वर गाडी नाही, रूळ नाहीत, पण पाणी अजून तिथूनच जातं. "तुज्या आज्याची हद्द हीच आसंल आसं मी म्हनत न्हाई," तुम्ही म्हणालात, "पर आसाच एक तुकडा आसंल." तुम्ही मला बरं वाटावं म्हणून हीच जागा सांगितली असती तरी मी विश्वास ठेवला असता. सांगितली नाहीत, याबद्दल तुमचे वेगळे आभार.

आता एक गोष्ट, जी त्या दिवशी बोलायची राहिली.

2016 च्या उन्हाळ्यात माझी धाकटी आत्या लातूरला होती. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाण्याच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागलेली. आत्याच्या घरी भांडी घासलेलं पाणी पुन्हा गाळून संडासाला वापरायचे. 11 एप्रिलला मिरजेहून पाण्याची गाडी निघाली, दहा वाघिणी, एकेकीत साधारण 50 हजार लिटर, आणि 12 तारखेच्या पहाटे लातूरला पोचली. पुढे 50 वाघिणींची गाडी यायला लागली आणि पाऊस पडेपर्यंत येत राहिली. आत्याने तेव्हा फोनवर सांगितलं होतं की गाडी बघायला अख्खं गाव लोटलंय. मी ती बातमी टीव्हीवर पाहिली आणि सोडून दिली.

तुमच्या फरशीवरची आकृती पाहून घरी आले, रात्री नकाशा काढून बसले, तेव्हा लक्षात आलं. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. पाण्याची गाडी आली ती बार्शी लाईटच्या वाटेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रूळ नवे होते, माप नवं होतं. 30 पौंडी रुळांवरून ती गाडी गेलीच नसती, हे तुम्ही शिकवलंत म्हणून मला कळतं. 2008 साली कुर्डुवाडी ते लातूर सगळं रुंद झालं, मागोमाग मिरज-पंढरपूरही झालं, तेव्हाच ते शक्य झालं. पण मिरज आणि लातूर एकमेकांना जोडलेली होती याचं मूळ त्या छोट्या लाईनीत आहे. ज्या वाटेवर आजोबा हातोडा घेऊन चालले, तिच्याच कुठल्यातरी वाटणीवरून त्यांच्या लेकीला पाणी गेलं. हे मी आत्याला फोन करून सांगितलं. ती काही बोलली नाही, थोड्या वेळाने फोन आतोबांकडे दिला.

तुमचं वर्कशॉप छोट्या गाडीबरोबर संपलं नाही, माथेरानच्या गाडीच्या डब्यांचं काम तिथेच झालं, हे ऐकून मला किती बरं वाटलं सांगू. अरुंद मापाच्या गाडीला हात कसा लावायचा हे ज्यांना येतं त्यांच्याकडेच ते काम आलं. तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यात असणार.

फोटो मी मोठा करून घेतला आहे. एक प्रत तुमच्यासाठी ठेवली आहे. डाव्या कडेचा तो मोठा डबा आणि फळी स्पष्ट दिसतील असा काढून घेतला. कार्तिकीच्या आधी मिरजेकडून गाडीने येईन आणि घेऊन येईन. काकूंना सांगा, जेवायलाच थांबते.

मूळ फोटोच्या मागे इतकी वर्षं काहीच लिहिलेलं नव्हतं. परवा वडिलांनी पेन मागितलं. त्यांचा हात थरथरतो, म्हणून मी लिहू का विचारलं, तर नको म्हणाले. चष्मा लावून, टेबलाशी बसून त्यांनी आजोबांचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं: कीमन, बार्शी लाईट रेल्वे. कुर्डुवाडी.

तुमची,
त्या कीमनची नात